कपाळावरची अँटेना

लातूरच्या रिंग रोडवर आमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि नवऱ्याचं. तो खाली बसून बॅटऱ्या आणि डायनॅमो बघतो, टपावर चढायचं काम माझ्याकडं असतं. नव्या गिऱ्हाइकाला याचं फार नवल वाटतं. ओढणी कंबरेला खोचलेली, केसांत पांढरं दिसू लागलेली बाई ट्रकच्या डोक्यावर बसून ड्रिल चालवते म्हटल्यावर समोरच्या हॉटेलातले लोक चहा गार होईपर्यंत बघत बसतात. बघू देत. उदगीरला अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांच्या गच्चीवर एरियलची तार बांधायला ते मलाच न्यायचे, कारण माझ्या भावांना उंचीची भीती वाटायची, आणि अजून वाटते. पुढं घराघरांतले रेडिओ गेले, अब्बाही गेले, माझ्या हातात वायर तेवढी राहिली.

ट्रकवाले माझ्याकडं येतात ते तोंड वाकडं करूनच येतात. हॉर्न बसला, दिवे मंद झाले, आपा तुम्ही मागच्या वेळी काय केलं कुणास ठाऊक. मीही काही गोड बोलणारी नाही. पण गेल्या वर्षी सोयाबीनच्या हंगामात नांदेडचे एक सरदारजी आले ते गप्पच बसले. आमचं जुनं गिऱ्हाईक. नांदेडहून लातूर, औसा करत सोलापूरकडं त्यांची गाडी जाते. उंच, भरदार माणूस, मराठी बोलतात ते थेट आमच्यासारखं. चहा पिऊन झाला तरी बोलेनात, तेव्हा मीच विचारलं.

"आपा, गाडीत वायरलेस बसवायचाय," ते म्हणाले.

"पोलिसात भरती झालात का?"

"न्हाई ओ. ट्रकवाले वापरतात तसला. माझा चुलतभाऊ कॅनडात ट्रक चालवतो, त्याच्या गाडीत हाय. बटन दाबायचं अन् बोलायचं. जवळपासच्या सगळ्या गाड्यांना ऐकू जातं."

"अन् तुमच्या खिशात तो मोबाइल कशाला हाय मग?"

"मोबाइल हाय की. पण मोबाइलवर उस्ताद बोलूनच न्हाई राहिले."

उस्तादांना मी ओळखत होते. औशाचे. घरची थोडी शेती, पण सगळं आयुष्य ट्रकवर गेलं. आमच्या भागातल्या निम्म्या चांगल्या ड्रायव्हरांना स्टिअरिंग त्यांनी धरायला शिकवलं, त्यात हे सरदारजीही आले. सरदारजी वयात येत होते तेव्हा वडिलांनी त्यांना उस्तादांच्या गाडीवर सोडलं, आणि तिथून ते माणूस होऊनच खाली उतरले, असं ते स्वतःच सांगतात. उस्तादांनी गाडी चालवणं सोडल्यावरही चेल्यांचा रिवाज मोडला नव्हता. नांदेडहून निघताना कुणीही असो, आधी औशाला फोन करायचा. कुठला रस्ता खोदलाय, कुठल्या वळणावर ऊस सांडलाय, कुठल्या ढाब्यावर हवा चांगली भरतात, हे सगळं उस्ताद घरी बसून सांगायचे. सोलापूर रस्त्याला लागूनच त्यांचं घर आहे, येणारी-जाणारी गाडी त्यांच्या अंगणातून दिसते.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. डोकं मात्र होतं तसंच, लख्ख. डॉक्टरांनी सांगितलं की रोज बोलत राहा, जितकं बोलाल तितकी जीभ सुटेल. सुरुवातीला ते बोलायचेही. एक दिवस कुठल्या तरी मालवाल्याचा फोन आला, उस्तादांनी उचलला आणि आपल्या परीनं काही सांगायला लागले. पलीकडचा माणूस हसला आणि म्हणाला, सकाळी सकाळीच लावली का काय? उस्ताद म्हणजे सुपारीचंही व्यसन नसलेला माणूस. त्यांनी फोन खाली ठेवला आणि तेव्हापासून बोलणंच टाकलं. फोनवर नाही, घरात नाही, बायकोशीसुद्धा नाही. हातानं खूण करायचे, नाहीतर नुसते रस्त्याकडं बघत बसायचे.

"चेले जाऊन बसतात पुढ्यात," सरदारजी म्हणाले, "पण तोंडासमोर तर अजूनच बोलत न्हाईत. आपलं वाकडं तोंड दिसतं ना समोरच्याला. म्हणून म्हटलं, वायरलेस. मोबाइलवर आवाज लई साफ येतो आपा, त्याच्यात जरा बिघडलं की लगेच कळतं. रेडिओवर सगळ्यांचाच आवाज फाटका. मी बोललो तरी समोरचा म्हणणार, पुन्हा बोला. तुम्ही बोलल्या तरी पुन्हा बोला. तिथं त्यांना एकट्याला कुणी म्हणणार न्हाई."

रेडिओच्या खरखरीला शिव्या देणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली. अब्बांचं अर्धं आयुष्य ती खरखर घालवण्यात गेलं. ती खरखर कुणाला तरी पांघरूण म्हणून देता येईल हे अब्बांच्या डोक्यात कधी आलं नसतं, माझ्या तर नाहीच. मला त्या क्षणी सरदारजींचा इतका अभिमान वाटला की मी उगाच नवऱ्यावर खेकसले, चहा अजून सांग म्हणून.

सेट आपल्या बाजारात सहज मिळत नाहीत. परवान्याचं काय ते मी आधी विचारून घेतलं. ठरवून दिलेल्या लहरींच्या पट्ट्यात आणि ठरावीक ताकदीपर्यंत बिनपरवाना चालतं, असं कळलं. मग हैदराबादच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून नमुने मागवले आणि काउंटरवर मांडले. सरदारजींबरोबर आमच्या उदगीरचा एक ड्रायव्हर आला होता, तोही उस्तादांचाच चेला. दोघांच्या गाड्या नेहमी जोडीनं चालतात, एक पुढं, एक मागं. दोघांचाही जीव लगेच एका सेटवर बसला. निळे-लाल दिवे, आकडे पळतायत, लग्नातल्या बँडची गाडीच जणू.

मी तो उचलून बाजूला ठेवला.

"का? चांगला हाय की," उदगीरवाला म्हणाला.

"उजवा हात खिशात घाला," मी त्याला सांगितलं, "आणि डाव्या अंगठ्यानं त्याच्या माइकचं बटन दाबून धरा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

त्यानं धरलं. जरा वेळात अंगठा थरथरायला लागला आणि सुटला. बटन कडक होतं, तरण्या माणसाला जड जात होतं. उस्तादांचा डावा हात शाबूत होता, पण त्या हाताला सवय कशाची? आयुष्यभर गिअर टाकण्याची. बोटभर बटन धरून ठेवण्याची नव्हे. मग एकेका सेटचा माइक घेऊन मी डोळे मिटून नुसती बटनं दाबत बसले. शेवटी एक साधा, काळा, कुणी ढुंकून बघणार नाही असा सेट निवडला. त्याचं बटन मऊ होतं, आवाजाची खुंटी मोठी होती, आणि लुकलुकणारं काही नव्हतं. सरदारजींनी तो माइक डाव्या हातात धरून पाहिला आणि दिव्यांच्या सेटचं नाव पुन्हा काढलं नाही.

ट्रकमध्ये सेट बसवायचा तर पहिलं भांडण बॅटरीवरून होतं. ट्रकचा करंट चोवीस व्होल्टचा, सेट बारा व्होल्टचा. मग आपले लोक काय करतात, दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून तार ओढतात आणि मोकळे होतात. टेपला तसंच, पंख्याला तसंच. एक बॅटरी राबून मरते, दुसरी खाऊन फुगते, आणि शेवटी दोघी मिळून घाटात दगा देतात. मी दोन्ही गाड्यांना चोवीसचे बारा करणारा वेगळा कन्व्हर्टर लावला. दुसरं भांडण अँटेनाचं. या दोन्ही गाड्यांच्या केबिन काही कंपनीच्या नव्हत्या. नांदेडला बॉडीवाल्यानं लाकडात बांधलेल्या, वरून रंग, आरसे, गोंडे, सगळा थाट. आता अँटेनाला पायाखाली लोखंड लागतं. अब्बा म्हणायचे, अँटेना म्हणजे उभा माणूस आहे, पायाखाली जमीन नसेल तर तो कुणाला हाक मारणार? म्हणून केबिनच्या मागं, क्लीनरच्या बाजूला, थेट चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्ट मारून मी लोखंडी अँगल उभा केला आणि त्यावर अँटेना बसवली. मीटर लावून पाहिलं. सुई जागच्या जागी. दोन्ही गाड्या रिंग रोडच्या दोन टोकांना नेऊन बोलून पाहिलं. माझं काम झालं होतं.

औशाला उस्तादांच्या घरी तिसरा सेट बसवायला मी स्वतः गेले. गच्चीवर बोअरचा जुना पाईप पडलेला होता, तोच उभा करून त्यावर मोठी अँटेना चढवली. शेजारचे जमले. कुणी म्हणालं मोबाइलचा टॉवर आहे, कुणी म्हणालं आता आपल्या डोक्याला ताप होणार. उस्तादांच्या बायकोनं सगळ्यांना एका वाक्यात घालवलं.

"आमच्या घरावर आमचा बांबू. तुमच्या पोटात का दुखायलंय?"

मला त्या काकू पहिल्या भेटीतच आवडल्या. उस्ताद खाली अंगणात खुर्चीवर बसले होते. गोरे, ताठ, मिशी अजून नीट कातरलेली. कोण कातरत असेल ते विचारायची गरज नव्हती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, रस्त्याकडंच बघत होते. पण मी पाईपला ताणाच्या तारा बांधत असताना अचानक त्यांचा डावा हात वर गेला आणि बोटानं एका तारेकडं दाखवलं. ती खरंच ढिली होती. मी आवळली. हात खाली आला.

सेट मी त्यांच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला, भिंतीवर फळी ठोकून बसवला. माइक हाताशी लटकवला. काकू मला सोडायला फाटकापर्यंत आल्या.

"बोलतील का गं ते?"

"गाड्या आल्या की कळंल," मी म्हणाले.

"डॉक्टर म्हणले, आता जितके दिवस जिभेला काम न्हाई तितकी ती आखडंल. मी सांगून सांगून थकले. पालथ्या घड्यावर पाणी." मग फाटकाची कडी लावत म्हणाल्या, "भांडत होते ना माझ्याशी, तेबी बरं होतं."

दोन्ही गाड्या नांदेडला गेल्या, माल भरून सोलापूरला निघायच्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा औशावरून जाताना बोलायचं ठरलं होतं. मी दुकानात होते, पण लक्ष कशात नव्हतं. जेवणाच्या वेळेला काकूंचा फोन आला. आवाज पार उतरलेला.

"बाई, ते बोलले."

मी जवळजवळ ओरडलेच. पण त्या पुढं बोलत राहिल्या. सेटमधून नुसती खरखर येत होती. उस्ताद बराच वेळ ऐकत बसले. गाड्या रस्त्यावरून जाताना दिसल्या, दोघांनी हॉर्न दिला, हात केले. गाड्या बऱ्याच पुढं गेल्यावर उस्तादांनी आपणहून माइक उचलला, बटन दाबलं आणि बोलले. नीट बोलता आलं नाही, पण बोलले. मग बटन सोडून थांबले. पलीकडून कुणी काही उत्तर दिलं नाही. पुन्हा एकदा बोलले. पुन्हा काही नाही. गाड्या दिसेनाशा झाल्या. त्यांनी माइक हुकाला अडकवला आणि खुर्ची फिरवून घेतली, सेटकडं पाठ करून.

"त्यांना वाटलं, ऐकलं सगळ्यांनी, पण काय म्हणतोय ते कळलं न्हाई, म्हणून पोरं गप बसली," काकू म्हणाल्या. "आता तर मान हलवून हो-न्हाईबी करेनात. सेटवर मी टॉवेल टाकलाय."

मी सरदारजींना फोन लावला. ते म्हणाले, आपा, आम्ही तर औसा यायच्या आधी अन् मागं पडल्यावर त्यांना कितीदा हाका मारल्या, तिकडून काहीच आलं न्हाई, आम्हाला वाटलं बोलायचं मन न्हाई. उस्ताद बोलले होते हे मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, परत येताना गाड्या तुमच्याकडं लावतो.

परतीच्या वाटेवर दोन्ही गाड्या दुकानासमोर लागल्या. मी बाहेर आले आणि माझी नजर वर गेली. मी चासीला ठोकलेला अँगल होता तिथंच होता, रिकामा. अँटेना केबिनच्या अगदी पुढं, कपाळावरच्या लाकडी फळीवर उभी होती. त्या फळीवर सरदारजी देवाचं नाव रंगवून घेतात, शेजारी निशाण लावतात. अँटेनाच्या बुडाला झेंडूचा हार होता, नारळ फोडल्याच्या खुणा होत्या, कुंकू होतं. उदगीरवाल्याच्याही गाडीवर अँटेना तिथंच, बुडाला हिरवी चादर बांधलेली. केबल एवढ्या लांब पुरेना म्हणून मधे साध्या वायरचा तुकडा पिरगाळून टेप गुंडाळली होती. घोडं कुठं पेंड खात होतं ते मला तिथंच कळलं. दोन्ही गाड्या जोडीनं, अगदी जवळून चालल्या की एकमेकींचं कसंबसं ऐकू येत होतं, म्हणून यांना वाटलं सगळं ठीक आहे.

माझा जो काही पारा चढला. मी भर रस्त्यात दोघांना फैलावर घेतलं. कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला, लाकडावर अँटेना कधी बोलते का, देव्हाऱ्यात बसवायची वस्तू आहे का ही. समोरचे हॉटेलवाले चहा सोडून बघायला लागले. उदगीरवाला मान खाली घालून उभा. सरदारजींनी मला बोलून घेऊ दिलं. मग म्हणाले,

"आपा, तुम्ही ती मागं लावली होती. तिथं आम्ही नजर लागू नये म्हणून जुनी चप्पल बांधतो. क्लीनर खिडकीतून तिथंच थुंकतो." त्यांनी वर बोट केलं. "ज्याच्यातून उस्तादांचा आवाज येणार, ती वस्तू चपलेशेजारी कशी ठेवायची?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. अशी चूक करायला आधी माणसात तेवढा आदर असावा लागतो. दुसऱ्या कुणाचा ड्रायव्हर असता तर त्यानं अँटेनाकडं मान वर करून पाहिलंही नसतं. माझं सगळं शास्त्र बरोबर होतं, पण ती पुन्हा चपलेशेजारी न्यायला माझाही हात उठेना.

मग कपाळावरच ठेवायचं ठरवलं. आमच्या शेजारी कूलर बनवणारा आहे, त्याच्याकडून पत्र्याचे दोन मोठे तुकडे कापून आणले. कपाळापासून मागं सबंध टप झाकेल असे. पत्रा ठोकला, त्यावर अँटेना बसवली. पत्र्यापासून खाली चासीपर्यंत तांब्याची जाड पट्टी नेली, रंग खरवडून लोखंडाला घट्ट केली. केबल सलग, नवी टाकली. मीटर लावलं. सुई पहिल्यांदा जरा पुढं गेली, अँटेनाची काठी थोडी खाली-वर केल्यावर बरोबर जागी आली. मागच्यापेक्षाही बरी. उंची मिळाली होती ना. हार आणि नारळाच्या खुणा मी तशाच राहू दिल्या.

पुढच्या खेपेला मी गाडीत बसले. नवऱ्याला सांगितलं, दुकान बघ, मी औशाला जाऊन येते. निघताना काकूंना फोन करून एवढंच सांगितलं की टॉवेल काढा, आवाज मोठा करा आणि खुर्ची तशीच पाठमोरी असू द्या, हात लावू नका. मागून उदगीरवाल्याची गाडी येत होती. दोन्ही गाड्यांत सोयाबीन गळ्यापर्यंत भरलेलं.

लातूर मागं पडल्यावर थोड्या अंतरानं मी माइक घेऊन काकूंना हाक मारली. लगेच उत्तर आलं, "ऐकू यायलंय, चांगलं यायलंय." आवाज फाटका होता, पण शब्द न् शब्द कळत होता. माझं काम इथं झालं होतं, आता यंत्राच्या हातात काही नव्हतं. सरदारजी बोलायला लागले. उस्ताद, कालपेक्षा आज गर्दी कमी हाय. उस्ताद, पुलाचं काम अर्धं झालंय. उस्ताद, त्या दिवशी आमची अँटेना लाकडावर होती, तुमचा आवाज आमच्यापर्यंत आलाच न्हाई, चूक आमची. मागून उदगीरवालाही काही काही सांगत होता. प्रत्येक वेळी बटन सोडलं की नुसती खरखर. औसा आलं. घर दिसलं, गच्चीवर आपली अँटेना दिसली. काकू फाटकात उभ्या होत्या. अंगणात उस्तादांची पाठ दिसली. आम्ही हॉर्न दिला. पाठ हलली नाही. गाडी पुढं निघाली.

मला वाटलं, संपलं. आणखी थोडं पुढं गेलं की मधे टेकाडं येतात, मग ना आपलं त्यांना ऐकू जाणार ना त्यांचं आपल्याला. सरदारजींकडं बघवेना. रस्त्याला चढ लागला. भरलेली गाडी, चढ सुरू होताच ड्रायव्हर गिअर खाली घेतो. हे मला, कधी ट्रक न चालवलेल्या बाईलाही माहीत आहे. सरदारजींनी गिअर खाली घेतला नाही.

"आपा," ते समोर बघत म्हणाले, "माइक इंजिनाजवळ न्या. बटन दाबून धरा. बोलू नका."

मी धरला. गाडी वरच्याच गिअरमध्ये चढाला लागली. आधी वेग पडला, मग इंजिन कण्हायला लागलं, मग सगळी केबिन थडथडायला लागली. आरसे हलले, गोंडे हलले. माझे दात वाजत होते. गाडी आता बंद पडणार असं वाटलं तेव्हा सरदारजींनी मान हलवली. मी बटन सोडलं.

खरखर आली. मग खरखरीत एक श्वास ऐकू आला. मग एक आवाज. जाड, ओढलेला, अक्षरं एकमेकांत अडकलेली. कुणीतरी तोंडात घास घेऊन रागावल्यासारखा. मला त्यातलं काहीही समजलं नाही.

सरदारजींना समजलं. त्यांचा हात तोवर गिअरवर गेलाही होता. गिअर खाली पडला, इंजिन मोकळं झालं, गाडी शांतपणे चढायला लागली. मग त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. आवाज रोजच्यासारखाच काढला.

"उस्ताद, लई खरखर हाय. कळलं न्हाई. पुन्हा बोला."

मागच्या गाडीतून उदगीरवाला म्हणाला, "मलाबी न्हाई कळलं, उस्ताद. पुन्हा बोला."

आवाज पुन्हा आला. यावेळी चिडलेला. त्यातून "गिअर" एवढा एक शब्द सुटा होऊन बाहेर पडला. मागं काकू रडतायत की हसतायत, काहीतरी ऐकू येत होतं.

सरदारजींच्या दाढीत पाणी उतरत होतं आणि ते पुसतही नव्हते. त्यांनी बटन दाबलं. "एकदाच अजून, उस्ताद."

इंजिनाचा सूर केव्हाच बदलला होता. माइक उघडा होता तेव्हा तो औशाच्या अंगणातही गेलाच असणार. आयुष्यभर ज्यानं नुसत्या आवाजावरून गाडी ओळखली, त्याला गिअर पडल्याचं कळलं नसेल असं मी मानायला तयार नाही. आपल्याला फसवलं जातंय हे उस्तादांना पक्कं ठाऊक होतं. पोरं खोटं बोलतायत आणि का बोलतायत, तेही.

मग उस्ताद तिसऱ्यांदा बोलले, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत.

"गिअर. उतरव. बहिऱ्या."

"उतरवतो, उस्ताद," सरदारजी म्हणाले.